चाळीस अक्षरांचा रकाना

आमच्या ऋतुराजला कुणीतरी 'व्हिजन' हा शब्द शिकवला आणि तिथून आमच्या घराचं वाटोळं सुरू झालं. ऋतुराज माझ्या धाकट्या भावाचा, गणपतीचा, एकुलता एक मुलगा. वय सव्वीस. कोल्हापुरात कसलीशी मॅनेजमेंटची पदवी घेऊन तो डोंगरावर परत आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता आणि तोंडात दर दोन वाक्यांनी हा शब्द. मी एकदा त्याचा अर्थ विचारला. "म्हंजे पुढचं बघणं, आत्ती," असं म्हणाला. मागचं न बघणं असाही त्याचा अर्थ निघतो, हे त्याला कॉलेजात सांगितलेलं दिसत नाही.

डोंगर म्हणजे जोतिबाचा. आम्ही इथले पुजारी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथं येणारा भक्त मिळेल त्या पुजाऱ्याच्या घरात शिरत नाही. प्रत्येक गावाचा पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. आमच्या घराकडं एक्केचाळीस गावं. त्या गावचा माणूस एसटीतून उतरला की सरळ आमच्या सोप्यात येतो, पिशवी खुंटीला अडकवतो आणि चहा मागतो. त्याचा नैवेद्य, त्याचा अभिषेक, त्याच्या पोराचं जावळ, सगळं आमच्या हातून. आणि हा माणूस कुठल्या घरचा, त्याच्या आजीनं कुठला नवस बोलला होता, तो फिटला की राहिला, हे आम्हाला वहीतून कळतं.

वह्या होत्या एकोणीस. लाल कापडी बांधणीच्या, प्रत्येकीची जाडी चार बोटं. त्यातल्या पहिल्या सात माझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या हातच्या. पुढच्या बारा माझ्या. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच माझा नवरा गेला आणि मी माहेरी आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून वडिलांनी वही माझ्यापुढं सरकवली. "बसून खाण्यापरास लिव्ह," म्हणाले. बसून मी एक दिवसही खाल्लं नाही, पण लिहिलं मात्र सदतीस वर्षं.

काय लिहायचं हे मला कुणी सांगितलं नाही. मी माझं शिकले. एका घरातल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, एका पंगतीला बसवू नये. थोरली मुलगी मुरगूडला दिली, पण तिच्या पोराचं जावळ इथंच, कारण नवस आजीचा. हा माणूस पुरणपोळी नको म्हणतो आणि सहा खातो, तेव्हा आधीच वाढावी. एका नोंदीत मी लिहिलं होतं, नवस फेडला, पण मनापासून नाही. दर पौषात गणपती वही पिशवीत घालून गावं फिरायचा, अंगारा द्यायचा आणि दारात उभा राहून विचारायचा, "पोरगं पाच वर्साचं झालं न्हवं? यंदा डोंगरावर आणायचं हाय, ध्यानात हाय का?" घरच्यांना विसर पडलेला असायचा. ते चाट पडायचे आणि चैत्राच्या यात्रेला पोरगं घेऊन हजर व्हायचे. सगळे म्हणायचे, गणपती पुजाऱ्याची ध्यानशक्ती देवाची देणगी. मी भाकरी थापत ऐकायची.

तर या वह्यांवर ऋतुराजची नजर पडली.

एका सकाळी तो यशराज नावाच्या माणसाला घेऊन आला. कोल्हापुरात राजारामपुरीत ज्यांचं काचेचं ऑफिस आहे अशा लोकांपैकी हा एक. त्याच्या कंपनीचं नाव यजमानप्लस, काम पुजाऱ्यांच्या वह्या मोबाईलात घालून देण्याचं. वाण्याच्या दुकानातल्या साबणाला शोभेल असं नाव, पण ऋतुराज ते उच्चारताना हळवा व्हायचा. यशराजनं आमच्या सोप्यातल्या भिंतीवर प्रोजेक्टर मारला. मधे देवाची तसबीर येत होती. ती त्यानं उतरवून खाटेवर ठेवली आणि मग आम्हाला भक्तांशी कसं नातं जोडायचं ते अर्धा तास समजावलं. त्यानं आमच्या अडीच हजार घरांना 'कस्टमर बेस' म्हटलं. गणपती मान डोलवत होता. गणपतीला कळत नसलं की तो मान डोलवतो, आणि समोरच्याला वाटतं पटलं.

"पण आमची वही आमास्नी परत काढाय येती का त्येच्यातनं?" मी विचारलं.

यशराज हसला. वयस्कर बाईनं प्रश्न विचारला की ही पोरं जसं हसतात तसं. "मावशी, परत कशाला काढायची? ती कायम तुमच्या खिशात असणार."

माझ्या लुगड्याला खिसा नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग चार मुली लॅपटॉप घेऊन आल्या आणि दोन महिने आमच्या माडीवर टाइप करत बसल्या. बिचाऱ्या कामसू होत्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या पडद्यावर प्रत्येक घराला रकाने होते. गाव, कुटुंबप्रमुख, मोबाईल, सदस्य संख्या, आणि सगळ्यांत शेवटी शेरा. मी लिहिलेलं जे कुठंच बसत नव्हतं ते त्या शेऱ्यात कोंबायच्या. एक दिवस त्यातली एक म्हणाली, "आक्का, हे लई मोठ्ठं हाय. बसतंय तेवढं टाकते." मी तेव्हाच खाली उतरून गणपतीच्या कानाशी बोंब मारायला हवी होती. मी म्हटलं, बसतंय तेवढं टाक, आणि चहा ठेवायला गेले. दुसऱ्यांना मूर्ख म्हणायच्या आधी हे सांगून टाकलेलं बरं.

त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. मी आठ दिवस कोल्हापुरात मावसबहिणीकडं होते, डोळ्यावर पट्टी. त्या आठ दिवसांत या बापलेकांनी माझ्या वह्या पंचगंगेत सोडल्या.

हे मला समजायला वेळ लागला. घरी आले, कपाट उघडलं, तर आत ऋतुराजचे बूट. मला वाटलं, वह्या माडीवर ठेवल्या असतील.

"आत्ती, आता सगळं डिजिटल झालंय न्हवं," ऋतुराज म्हणाला. "मग जुन्या वह्या ठिवून काय करायचं? वाळवी लागत हुती."

"मग रद्दीत घातल्यास व्हय?"

"छ्या! रद्दीत कसं घालीन? गुलाल लागलेल्या, देवाचं नाव असलेल्या वह्या. वाण्यानं त्यात डाळ बांधली तर पाप लागंल. आम्ही रीतसर विसर्जन केलं. हळदकुंकू वाहून, आरती करून."

आता याला काय म्हणावं? रद्दीत घातल्या असत्या तर मी कोल्हापुरातल्या प्रत्येक रद्दीवाल्याच्या दारात गेले असते आणि एकोणीसपैकी दहा तरी परत आणल्या असत्या. जगातला कुठलाही नास्तिक मनुष्य त्या वह्या विकून मोकळा झाला असता आणि त्या वाचल्या असत्या. आमच्या घरात भक्ती होती, म्हणून त्या बुडाल्या. घाटावर निर्माल्यासाठी हौद ठेवलेला असतो. त्यात टाकल्या असत्या तरी कुणीतरी बाजूला काढल्या असत्या. पण यशराजच्या कंपनीनं ड्रोन आणला होता आणि ड्रोनमधून हौद चांगला दिसत नव्हता. भर पाण्यात जाऊन सोडल्या. त्याचा व्हिडिओ निघाला. वर नाव, 'पेपरलेस पुजारी'. ऋतुराजनं तो मला कौतुकानं दाखवला. एकेक वही पाण्यात जाताना गणपती हात जोडत होता. पट्टी नुकतीच निघाली होती आणि त्या नव्या डोळ्यानं मी पहिलं नीट काही पाहिलं असेल तर ते हे.

मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही, सगळे व्हिडिओला किती लाइक आले ते मोजत होते.

वर्षभर बरं चाललं, म्हणजे ऋतुराजच्या मते. मग यंदा शिमग्याच्या सुमारास डोंगरावरच्याच दुसऱ्या घरच्या अतुल पुजाऱ्यानं आंबेमाळावर हक्क सांगितला.

आंबेमाळ राधानगरीकडचं गाव. साठ-सत्तर घरं, पण भक्तीला खंबीर, आणि चैत्रात त्यांची मानाची सासनकाठी वाजतगाजत येते. ते गाव आमच्या आजोबांपासून आमचं. बावीस वर्षांमागं माझे वडील ऐन चैत्रात वारले. आम्हाला सुतक. सुतकात पूजा करता येत नाही, म्हणून तेवढ्या एका सालापुरते आंबेमाळकर अतुलच्या वडिलांच्या घरी उतरवले. पुढच्या साली परत आमच्याकडं. अशी देवाणघेवाण डोंगरावर होत असते आणि दोन्हीकडच्या वह्यांत तिची नोंद असते. आता अतुलनं त्याच्या वडिलांची ती वही काढली. तिच्यात त्या साली आंबेमाळची साठ घरं उतरलेली होती. एका सालापुरती, हे मात्र त्याच्या वडिलांनी लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

डोंगरावर असा वाद झाला की थोरल्या आण्णांकडं बैठक बसते. आण्णा इथले सगळ्यांत वयस्कर पुजारी. त्यांनी निरोप धाडला, पंधरा दिवसांनी बसू, दोघांनी आपापली वही आणा. ज्याच्या वहीत जुनी आणि धड नोंद, त्याचं गाव. आणि एक गाव गेलं की बाकीच्यांवर डोळा ठेवणारे कमी नसतात. तेव्हा प्रश्न नुसत्या आंबेमाळचा नव्हता, एक्केचाळीस गावांचा होता.

"मोबाईलात हाय की सगळं," ऋतुराज म्हणाला.

त्यानं मोबाईल काढला. आंबेमाळ दाबलं. घरांची नावं आली, प्रत्येक नावापुढं एक हसरं तोंड आणि 'मेसेज पाठवा' असं हिरवं बटण. छापायची सोय नाही. शेरा बघायचा तर प्रत्येक नावावर वेगळं दाबायचं, आणि दाबलं की आधी कापराची जाहिरात. अख्खी वही बाहेर कशी काढायची, हे या दीडशहाण्यानं एका वर्षात एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं यशराजला फोन लावला. यशराज मीटिंगमध्ये होता. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्येच होता.

मी एसटी धरून कोल्हापुरात बाबालालकडं गेले. बाबालाल आमचा बाइंडर, महाद्वार रोडच्या मागच्या बोळात त्याचं दुकान. माझ्या बाराही वह्या त्यानं बांधल्या. त्याची मुलगी अर्शी त्याच दुकानात कॉम्प्युटर टाकून लोकांचे फॉर्म भरून देते. झालेलं ऐकून बाबालालनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "आक्का, लई वंगाळ केलं पोरांनी. मला एक फोन करायचा, मी फुकाट ठिवल्या असत्या माळ्यावर."

अर्शीनं ऋतुराजचा पासवर्ड फोनवर विचारून घेतला आणि शोधायला बसली. सेटिंगमध्ये गेली, तिथून खात्यात, तिथून गोपनीयतेत, तिथून 'इतर' नावाच्या कोपऱ्यात, आणि तिथं अगदी तळाला, फिकट अक्षरांत, 'माझी माहिती मागवा'.

"हाय बगा," अर्शी म्हणाली. "पर असं लपिवलंय जणू चोरीचा माल."

तिनं ते दाबलं. उत्तर आलं, आपली विनंती मिळाली, दहा दिवसांत फाईल पाठवू. माझी वही, माझ्या हातचं अक्षर, आणि मी विनंती करायची.

फाईल नवव्या दिवशी आली. मी पुन्हा बोळात. अर्शीनं ती उघडली आणि माझ्यासाठी अक्षरं मोठी केली. अडीच हजार ओळी. गावं होती, नावं होती, मोबाईल होते. मला इतकं बरं वाटलं की मी बाबालालला चहा मागवायला सांगितला. मग मी शेरे वाचायला लागले.

"थोरली मुलगी मुरगूडला दिली, पण तिच्या पोर". तिथं संपलं. पुढची ओळ. "दोन भावांचं बोलणं बंद आहे, एका पंगतीला ब". संपलं. आणखी एक, आणखी एक. सगळे शेरे मधेच मान तोडल्यासारखे.

"हे असं का?" मी विचारलं.

अर्शीनं दोन-तीन शेरे मोजले. "आक्का, शेऱ्याच्या रकान्याला चाळीस अक्षरांची मर्यादा हाय. त्यातबी काना, मात्रा, वेलांटी, रिकामी जागा, सगळं येक येक अक्षर म्हणून धरलंय. चाळीस झाली की पुढचं घेतलंच न्हाय."

"मग पुढचं कुठाय?"

"कुठंच न्हाय." ती पोर खाली बघून बोलली. "आणि हे बगा, नोंद दिनांक. सगळ्यांचा गेल्या सालचा हाय. ज्या दिवशी टाइप केलं त्यो."

मी आंबेमाळ शोधायला सांगितलं. बावीस वर्षांमागं मी लिहिलेलं मला तोंडपाठ होतं. 'सुतकामुळे आंबेमाळ अतुलच्या वडिलांकडे दिले. एका सालापुरते. गाव आपले.' पडद्यावर होतं, "सुतकामुळे आंबेमाळ अतुलच्या वडिलांकडे दिल". नोंद दिनांक, गेल्या वर्षीची सतरा फेब्रुवारी.

तिथून मी रिक्षा करून थेट राजारामपुरीत गेले. यशराज त्या दिवशी मीटिंगमध्ये नव्हता, कारण मी आत शिरण्याआधी विचारलं नाही. त्याच्या खुर्चीच्या मागं भिंतीवर एक मोठा फोटो लावलेला होता. त्यात पंचगंगा, माझा भाऊ कमरेइतक्या पाण्यात, हातात माझी वही.

"मॅडम, एक्स्पोर्टचं ऑप्शन दिलंय ना आम्ही," तो म्हणाला. मी मावशीची मॅडम झाले होते, म्हणजे तो घाबरला होता. "बऱ्याच कंपन्या तेवढंही देत नाहीत."

"माझं अर्धं लिवलेलं न्हाय त्यात."

"जे सिस्टीममध्ये एंटर झालं तेच बाहेर येणार. बाकीचं कधी आत आलंच नव्हतं."

हे खरं होतं. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकुलतं एक खरं वाक्य.

"आणि तारीख? आमची गावं काय गेल्या फेब्रुवारीत आली आमच्याकडं?"

"ती सिस्टीम डेट असते, ती बदलता येत नाही. डेटाची विश्वासार्हता राहावी म्हणून." मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा खुलला. "पण मॅडम, ओरिजिनल वह्या असतील ना तुमच्याकडे? त्या स्कॅन करून..."

मी त्याच्या डोक्यावरच्या फोटोकडं बोट केलं. त्यानं मागं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, शेऱ्याचा रकाना वाढवण्याची सूचना तो वरच्या टीमला पाठवेल. अशा माणसावर हात उगारून उपयोग नसतो. त्याला आपण काय बुडवलं हे कळायला आधी एखादी वही लिहावी लागेल, आणि त्याला चाळीस अक्षरांपेक्षा जास्त काही म्हणायचं असेल असं मला वाटलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी ऋतुराज अर्शीकडून अख्खी फाईल छापून घेऊन आला. मी त्याला म्हणाले, "हे नेऊ नगंस. तोंडी बोलू. आंबेमाळची चार म्हातारी माणसं बलवू, ती सांगतील." तो म्हणाला, "आत्ती, कंपनीचा लोगो हाय ह्याच्यावर. वजन पडंल."

वजन पडलं.

आण्णांच्या सोप्यात दहा-बारा पुजारी बसले होते. बायका बैठकीत बसत नाहीत. मी दारात उभी. अतुलनं त्याच्या वडिलांची जुनी वही आण्णांसमोर ठेवली. ऋतुराजनं प्लॅस्टिकच्या फायलीतला कागद ठेवला. आण्णांनी चष्मा लावला आणि आंबेमाळच्या पानावर बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं.

"नोंद दिनांक सतरा फेब्रुवारी, गेल्या सालची. का रं ऋतुराज, आंबेमाळ गेल्या फेब्रुवारीत आलं व्हय तुमच्याकडं?"

"न्हाय आण्णा, ती सिस्टीम डेट..."

"आणि ह्ये काय? 'सुतकामुळे आंबेमाळ अतुलच्या वडिलांकडे दिल.' दिल म्हंजे?"

"दिले," ऋतुराज म्हणाला. हा मुलगा पदवीधर आहे.

"मग दिलंय की!" आण्णांनी चष्मा काढला. "अतुलची वही म्हणती घेतलं, तुमचाच कागद म्हणतो दिलं. आता काय बोलायचं?"

"एका सालापुरतं दिलतं!" मी दारातून ओरडले. "फुडं लिवलंय त्यात. मीच लिवलंय."

आण्णा माझ्याकडं वळले. रागावून नाही, हे मी कबूल करते. "आक्का, तू खोटं बोलायची न्हाईस, आमास्नी ठाव हाय. पर लिवलंय ते दाखव की."

अतुल खाली मान घालून बसला होता. त्याला खरं काय ते माहीत होतं. मी त्याच्याकडं पाहत राहिले, पण त्यानं काही वर पाहिलं नाही. आंबेमाळ त्याच्याकडं गेलं. उठताना आण्णा गणपतीला म्हणाले, "चैत्राच्या यात्रेच्या आत वही उभी कर. कागदावर, हातानं लिवलेली. पहिल्या पानावर वही कुणाची ते नाव घाल आणि बैठकीच्या सह्या घे. न्हाईतर बाकीची चाळीस गावंबी एकेक करून जात्यात बघ."

संध्याकाळी गणपती माझ्याजवळ येऊन बसला. वडील गेले तेव्हा बसला होता तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

"आक्का, तुला सगळं ध्यानात आसंल न्हवं?"

"चाळीस गावं सांगती. घर सोडून घर."

"मग लिव्ह की तू. तुझ्याबिगर कोण लिवणार?"

सदतीस वर्षांत त्यानं हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. मला ते गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. ऋतुराज मूर्ख, यशराज चोर, पण माझा भाऊ तसा नाही, तो भोळा, त्याला फसवलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाबालालकडून कोरी वही आणली. त्यानं कापड लालच लावलं होतं. सोप्यात बसले, पेन उघडलं आणि गणपतीला हाक मारली. ऋतुराजही आला.

"लिवती," मी म्हणाले. "फकस्त पहिल्या पानावर माझं नाव घालायचं."

"खाली, लिवणारी म्हणून? घाल की."

"खाली न्हाय. वर. वही कुणाची तिथं."

गणपती माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

"आबा, नाव काय, घालू दे की आत्तीचं," ऋतुराज म्हणाला. "तिच्या डोक्यातच हाय सगळं." त्या पोराच्या तोंडून वर्षभरात निघालेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य हे. मी त्याच्याविषयी जे काही वाईट बोलले ते खरंच आहे, पण हेही खरं आहे.

"तू गप," गणपती म्हणाला. मग माझ्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "आक्का, बाईच्या नावाची वही बैठकीत कोण मानणार? लोकं हसतील मला. आणि तुला ना पोर ना बाळ. उद्या तुझ्या माघारी वही कुणाची म्हणायची?"

"तुझ्या पोराची म्हण. पर मी हाय तवर माझी. बारा वह्या लिवल्या, गणपती. एकीवर तरी."

तो विचार करत होता. मी त्याला विचार करताना इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. वह्या पाण्यात सोडताना त्याला एवढा वेळ लागला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. एका बाजूला चाळीस गावं, दुसऱ्या बाजूला पानावरचं एक नाव.

"न्हाय जमायचं," तो शेवटी म्हणाला. "त्यापरास मोबाईलातलं हाय ते बरं हाय. अर्धं का आसंना. ते आपल्या नावावर तर हाय."

"आपल्या म्हंजे कुणाच्या?"

माझी त्याच्यावर माया होती, तिची मला त्या घटकेला किळस आली. यशराजनं निदान फिकट अक्षरात का होईना, मागायची सोय ठेवली होती.

गणपती उठला आणि त्यानं धोतर झटकलं.

"ऋतुराज, त्या यशराजला फोन लाव," तो म्हणाला. "त्ये मोबाईलातलं फुडच्या सालीबी चालू ठेवा म्हणावं."

आणि मी वही घेऊन समोर बसलेली असताना, माझ्याकडं न बघता तो देवळाकडं निघून गेला.